क्लच-फ्लायव्हील घरी बदलायचं का? ईकोवाल्यांसाठी काम आणि हिशोब



गाडी लावून धंदा सुरू करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न दुकानाच्या काउंटरवर येतो. सेकंडहँड ईको घेतलेली असते. टिफिन, पाव, कुरिअर किंवा शाळेची मुलं, काहीतरी सुरू झालेलं असतं. तीन-चार महिन्यांत गाडी चढावर ओढत नाही, जळका वास येतो, आणि गॅरेजवाला सांगतो, "क्लच गेला, फ्लायव्हीलही बघावं लागेल." मग मोबाइलवर परदेशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ बघितला जातो. त्यात तो माणूस स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये, स्वच्छ फरशीवर, एका रविवारी हे सगळं करून मोकळा होतो. आणि मग प्रश्न येतो, "आपण पण घरी केलं तर?"

करता येतं. पण करावं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पान्यापेक्षा वहीत जास्त आहे. आज आधी काम समजून घेऊ, मग वही उघडू. उदाहरण मी मारुती ईकोचं घेतोय, कारण २०१० पासून ही गाडी रस्त्यावर आहे, आपल्याकडच्या छोट्या धंद्यात तीच जास्त दिसते, आणि घरी क्लच उतरवायला त्यातल्या त्यात सोपी गाडीही तीच.

आपल्या भागात क्लच लवकर का जातो

पेणकरपाडा दहिसर नाक्याला चिकटून आहे. म्हणजे मुंबईत शिरणारी आणि मुंबईतून निघणारी गर्दी आपल्या दारात. हलक्या वाहनांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला, गर्दी काही माफ झाली नाही. काशिमिऱ्याहून ठाण्याला जायचं तर फाउंटन हॉटेलच्या पुढे घोडबंदर रोड आणि गायमुखचा घाट. मागे माल भरलेला, पुढे ट्रेलर, चढावर गाडी दोन फूट सरकते आणि थांबते. त्या वेळी बहुतेक ड्रायव्हर ब्रेकवर गाडी धरत नाहीत, अर्ध्या क्लचवर धरतात. क्लच तिथे झिजतो. हायवेवर सरळ पळणारी गाडी आणि रोज हा घाट खाणारी गाडी यांच्या क्लचच्या आयुष्यात खूप फरक पडतो. म्हणून "अमुक किलोमीटरला क्लच जातोच" असं कुणी ठणकावून सांगितलं तर मी ऐकून सोडून देतो.

आत काय असतं

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. म्हणजे ताकद झटक्याझटक्याने येते. या झटक्यांमधली पोकळी भरून काढायला क्रँकशाफ्टच्या टोकाला एक जड लोखंडी चक्र बसवलेलं असतं, ते फ्लायव्हील. जातं एकदा गरगरलं की हात सोडला तरी थोडं फिरत राहतं ना, तसंच. त्याच्या कडेला दात असलेली रिंग असते. चावी फिरवल्यावर स्टार्टर मोटर याच दातांत अडकून इंजिन फिरवते.

याच फ्लायव्हीलच्या मागच्या गुळगुळीत तोंडावर क्लच प्लेट टेकते, आणि तिच्या मागून प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. दोन तळव्यांमध्ये वही दाबून धरा. तळवे फिरवले की वहीही फिरेल. दाब सोडला की तळवे फिरतील, वही नाही. तळवे म्हणजे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, वही म्हणजे क्लच प्लेट, आणि वहीतून निघालेली दांडी थेट गिअरबॉक्समध्ये जाते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा केबल एका फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटची पाकळ्यांसारखी स्प्रिंग दाबतं आणि पकड सुटते.

अर्धा क्लच म्हणजे वही ना सुटलेली, ना पकडलेली. घासते. घासलं की उष्णता. ती उष्णता प्लेटचं अस्तर खाते आणि फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग पाडते. म्हणून क्लच बदलताना फ्लायव्हीलचा विषय निघतोच. तो गॅरेजवाल्याने बिल वाढवायला काढलेला असतो असं नाही. काही वेळा असतोही, ते पुढे बघू.

आधी केबल बघा

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी दहा मिनिटं द्या. ईकोचा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. ती पूर्ण संपली तर तुम्ही पाय काढल्यावरही बेअरिंग स्प्रिंगला थोडं दाबूनच ठेवतं, आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. उलट केबल ताणून ढिली पडली तर पकड पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडून पडतात, रिव्हर्स टाकताना आवाज येतो. दोन्ही वेळा ग्राहक म्हणतो "क्लच गेला." दोन्ही वेळा आधी केबलचं ॲडजस्टमेंट करून बघायचं. मोकळी चाल किती ठेवायची हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, अंदाजाने नको.

ॲडजस्ट करूनही तक्रार राहिली तर तपासायची पद्धत अशी. मोकळ्या सपाट रस्त्यावर, कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पळाली नाही, तर प्लेट घसरतेय. आरपीएमचा काटा नसेल तर कान वापरा. पहिल्या गिअरला सुटताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर तेल आलंय किंवा फ्लायव्हीलचं तोंड बिघडलंय अशी शंका घ्यायची. पेडल दाबल्यावरच घर्रर्र आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर मात्र दुखणं गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचं आहे. त्याला नवा क्लच टाकून काही उपयोग नाही. हा शेवटचा फरक ज्याला कळतो त्या माणसाला मी मॅकेनिक म्हणतो.

सामान घेताना

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकत्र घ्यायचे. फक्त प्लेट बदलून हजार-पाचशे वाचवणारे बरेच येतात. त्यांना मी एकच विचारतो, गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी कोण देणार? सामान स्वस्त आहे, तिथपर्यंत हात पोचवणं महाग आहे. सोबत क्लच केबल, क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील, गिअर ऑइल आणि फ्लायव्हीलचे नवीन बोल्ट यांचा भाव काढून ठेवा. लागले नाहीत तर परत करता येतील का, हे दुकानदाराला आधीच विचारा.

गाडीचा चेसिस नंबर घेऊन दुकानात जा. "ईको, पेट्रोल-सीएनजी" एवढं पुरत नाही. २०२२ च्या अखेरीस ईकोचं इंजिन बदललं. आधीचं ११९६ सीसीचं, नंतरचं ११९७ सीसीचं. आकड्यात एकाचा फरक, पण इंजिन वेगळं. चुकीचा सेट घरी आला तर उघडी गाडी आणि बंद धंदा असं होऊन बसतं.

ब्रँडबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो, क्लच बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, सीके डायकिन कंपनी क्लच बनवायची. तीच पुढे एक्सेडी इंडिया झाली. कंपनी कुठलीही घ्या, पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटी तोंडी, आणि तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं सामान मिळतं, चांगलंही मिळतं. जुनं फ्लायव्हील मी समजू शकतो, कारण ते तपासून, घासून घेता येतं. जुनी क्लच प्लेट कुणी फुकट दिली तरी नको.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल आणि गाडी मालवाहू असेल, तर हा कर क्रेडिट म्हणून मिळू शकतो. कंपोझिशनवाल्यांना नाही. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या, बिल मात्र जपून ठेवा.

जागा आणि जीव

आता घरी. "घरी" म्हणजे आपल्याकडे सोसायटीचं पार्किंग किंवा चाळीपुढची मोकळी जागा. जमीन सपाट आणि पक्की हवी. पेव्हर ब्लॉक खचलेले असतील, उतार असेल, किंवा पावसाळ्यात खाली माती असेल तर काम सुरूच करू नका.

जॅक फक्त गाडी उचलायला असतो. गाडी उचलून धरायला जॅक स्टँड लागतात, चारही बाजूंना. विटा, सिमेंटचे ठोकळे, जुनी रिम, यांवर गाडी ठेवून खाली झोपलेली माणसं मी बघितली आहेत. वीट आधी वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. स्टँडवर गाडी ठेवल्यावर दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर खाली जायचं नाही. आणि हे काम एकट्याने करायचं नाही, बाहेर एक माणूस जागा हवाच.

ईकोत एक खास गोष्ट आहे. ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. प्रोपेलर शाफ्ट काढला की इंजिनचा आणि चाकांचा संबंध संपला. मग गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली असली तरी ती धरून ठेवणारं काही नाही. त्यामुळे हँडब्रेक आणि चाकाखाली ठोकळे गाडी उचलायच्या आधीपासून.

सीएनजीची गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो आणि त्याची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे जाते. ती नळी वाकवायची नाही, सोडवायची नाही, तिच्यावर गिअरबॉक्स टेकवायचा नाही. अडचण येत असेल तर काम थांबवून सीएनजीवाल्या मिस्त्रीला बोलवा. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट लागते हे माहीत आहेच. नसेल केली तर क्लचच्या आधी ती.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून सुरुवात. हे विसरलं आणि स्टार्टर मोटर सोडवताना पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते. इंजिन पूर्ण थंड हवं, सायलेन्सरचा पाइप हाताला लागतो.

गिअर ऑइल काढून घ्या. प्रोपेलर शाफ्ट सोडवण्याआधी त्याच्या जोडावर रंगाने खूण करा, दोन्ही बाजूंना एका रेषेत. परत तसाच बसला नाही तर वेगात गाडी हलायला लागते आणि मग माणूस तो दोष क्लचमध्ये शोधत बसतो. स्टार्टर मोटर, क्लच केबल, गिअरच्या जोडण्या, रिव्हर्स लाइटची तार, स्पीडोमीटरची जोडणी, एकेक सोडवत जा आणि प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट एका डब्यात गोळा करू नका. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते.

गिअरबॉक्सखालचा आडवा आधार काढला की इंजिनची मागची बाजू लोंबकळते. म्हणून इंजिनखाली लाकडाचा तुकडा ठेवून दुसरा जॅक लावा, पण ऑइल पॅनच्या पत्र्यावर एकाच ठिकाणी दाब येईल असा नाही. मग गिअरबॉक्स जॅकवर घेऊन सरळ मागे सरकवायचा. सरळ हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट बाहेर आलेला गिअरबॉक्स त्याच्या दांडीवर लटकला तर दांडी आणि प्लेट दोन्ही खराब होतात. जुनी प्लेट तशीही जाणार असते, पण बसवताना हेच झालं तर नवीन जाते. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, वॅगनआर, स्विफ्ट वगैरे, इथे ॲक्सल काढणं, इंजिन वर टांगून ठेवणं हे सगळं वाढतं. त्या गाड्यांचं काम घरी करा असं मी कुणालाच सांगत नाही.

आत काळी धूळ दिसेल. ती हवेने उडवायची नाही, झाडायची नाही. जुन्या किंवा बिनब्रँडच्या अस्तरात काय होतं हे आपल्याला कळत नसतं, आणि ती धूळ फुप्फुसात जायला नको. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करत काढा. एकच बाजू सोडली तर स्प्रिंगच्या दाबाने कडा वाकते. प्लेट हातात आली की ती वाचा. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं म्हणजे वयाने गेली. अस्तर जाड आहे पण काचेसारखं चमकतंय म्हणजे उष्णतेने गेली, ड्रायव्हरशी बोला. अस्तर तेलकट म्हणजे सील गळतंय. ते न बदलता नवी प्लेट टाकली तर ती पण तेल पिणार. इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल हे वासावरून ओळखता येतं, गिअर ऑइलचा वास उग्र असतो.

फ्लायव्हील: ठेवायचं, घासायचं की बदलायचं

बिलावरून भांडणं होतात ती इथेच, म्हणून इथे जरा थांबू.

तोंड गुळगुळीत, एकसारखं करडं असेल आणि नखाला चर लागत नसेल तर पुसून तसंच ठेवा, काढायचीही गरज नाही. हलके निळे डाग, बारीक चर असतील तर घासून घेता येतं. केसासारखी रेघ दिसली तर नीट बघा. वरवरच्या जाळीदार रेषा घासल्यावर जातात, खोल भेग जात नाही. भेग असलेलं फ्लायव्हील परत लावायचं नाही, मग कुणी कितीही सांगो. जड चक्र मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतं. ते फुटलं तर गाडीचा पत्रा त्याला अडवत नाही. रिंगचे दात खाल्ले गेले असतील तर स्टार्टर अधूनमधून नुसता फिरण्याची तक्रार आधीपासून असेलच.

घासायला मशीन शॉप लागतं. काशिमिऱ्याच्या गाळ्यांत लेथवाले बसलेले आहेत. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे कारखाने आहेत, तिथे पॉलिशवालेही मिळतील. पण भांडं चकचकीत करणं वेगळं आणि फ्लायव्हीलचं तोंड सपाट करणं वेगळं. फ्लायव्हीलला चमक नको, सपाटी हवी. "किती कमी करणार आणि नंतर डायल लावून दाखवणार का?" एवढं विचारा. डायल म्हणजे डायल गेज. उत्तर आलं नाही तर पुढचा गाळा. किती जाडीपर्यंत घासता येतं याची मर्यादा कंपनीने दिलेली असते, त्याच्या खाली गेलं तर नवीनच. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं. ते लेथवर घासत नाहीत, बिघडलं की बदलतात, आणि ते क्लचच्या सेटपेक्षाही महाग पडू शकतं. सेकंडहँड डिझेल गाडी धंद्याला घेताना हे भावात धरा. ईकोचं साधं, एकसंध असतं.

फ्लायव्हील काढलंच तर मागचं ऑइल सील बघून घ्या, तिथपर्यंत परत कोण जाणार आहे. बसवताना बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जोराने, टॉर्क रेंच लावून, समोरासमोर. इथे "हाताला कळतं" चालत नाही.

परत बसवताना

प्लेटला दोन बाजू असतात. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. उलटी बसली तर पकड सुटत नाही आणि सगळं परत उतरवावं लागतं. प्लेट मधोमध येण्यासाठी सेंटरिंग टूल घालून मगच प्रेशर प्लेट आवळायची. आपल्याकडे मिस्त्री जुन्या गिअरबॉक्सची इनपुट शाफ्ट यासाठी ठेवतात, ती पण चालते. मध्य थोडा जरी चुकला तरी गिअरबॉक्स शेवटच्या एका इंचावर अडतो. तिथे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं तर घराचा कान तुटतो. अडलं की मागे घ्या, मध्य परत बघा.

दांडीच्या खाचांवर ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं. जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. नव्या प्लेटला तेलकट हात लावू नका. बाकीचं सगळं पुठ्ठ्यावरच्या क्रमाने उलटं. गिअर ऑइल भरायला विसरू नका, आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या.

आता वही उघडा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा गॅरेज मजुरी ३००० रुपये घेतं आणि एका दिवसात गाडी देतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला दोन दिवस धरा. तुमची गाडी दिवसाला खर्च जाऊन १५०० मिळवते. म्हणजे मजुरीचे ३००० वाचले, पण जास्तीचा एक दिवस गेला, खरी बचत १५००. स्टँड, दुसरा जॅक, टॉर्क रेंच, सेंटरिंग टूल, पान्यांचा सेट यांना समजा १२,००० लागले. १२,००० भागिले १५०० म्हणजे आठ वेळा क्लच बदलल्यावर हत्यारांचे पैसे वसूल. एका गाडीचा क्लच दोन वर्षांनी जातो असं धरलं तर सोळा वर्षं.

एका गाडीवाल्याने घरी करू नये, हे मी या आकड्यावरून म्हणतो. त्याने काय करावं? वरचं सगळं समजून घेऊन गॅरेजमध्ये उभं राहावं. "केबल बघितली का? फ्लायव्हीलचा फोटो दाखवा. जुनं सामान मला परत द्या." हे तीन वाक्यं बोलणाऱ्या ग्राहकाचं बिल आपोआप सरळ होतं.

गाड्या तीन-चार असतील, घरात आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा कोर्स केलेला भाऊ असेल, तर हिशोब बदलतो. आणि खरी संधी त्याच्याही पुढे आहे, ती म्हणजे हे काम दुसऱ्यांसाठी करणं. शाळेच्या व्हॅन शनिवार-रविवारी उभ्या असतात, पाववाल्यांच्या गाड्या दुपारनंतर. त्यांना स्वस्त मजुरीपेक्षा "सोमवारी सकाळी सहाला गाडी उभी असेल" हा शब्द जास्त मोलाचा असतो. हा शब्द विकायचा.

त्याचा भाव लावताना मात्र डोकं शांत ठेवा. समजा ३५०० मजुरी घेतली, मदतनीस ७००, क्लीनर-ग्रीस-ये-जा ३००. हातात २५००. आता दहातलं एक काम परत येतं असं धरा. परत येणं म्हणजे मदतनीस आणि बाकी खर्चाचे १००० पुन्हा, नवी प्लेट समजा १५००, आणि त्या दिवशीचं दुसरं काम बुडालं त्याचे २५००. एकूण ५०००. दहा कामांवर वाटले तर प्रत्येकी ५००. म्हणजे तुमची खरी कमाई २५०० नाही, २००० आहे. परत येणाऱ्या कामाचा पैसा भावात न धरणारे पहिल्या वर्षात दमतात, आणि मग तेच लोक सील न बदलता गाडी देऊन टाकायला लागतात.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रक. गिअरबॉक्स खाली येईपर्यंत फ्लायव्हीलची अवस्था कुणालाच दिसत नाही. म्हणून पाना लावायच्या आधी ग्राहकाला व्हॉट्सॲपवर लिहून द्या: क्लच सेट आणि मजुरी इतकी, फ्लायव्हील घासावं लागलं तर इतके जास्त आणि इतका वेळ जास्त, नवीन लागलं तर इतके, फोटो पाठवून तुमचा होकार आल्याशिवाय करणार नाही. उतरवल्यावर फोटो पाठवा, नखाने चर दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. जुने भाग पिशवीत घालून परत द्या. शंभरातल्या नव्वद ग्राहकांना ते नको असतात, पण तुम्ही दिले हे ते चार जणांना सांगतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका. माणसं थोडी असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन माहिती द्यावी लागते. राज्यातच काम असेल आणि मजुरीही घेत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी. लोक नुसत्या मालाची ४० लाखांची मर्यादा ऐकून बसतात, ती दुरुस्तीवाल्याला लागू नाही. गाळा घेणार असाल तर महापालिकेचा परवाना लागेल का ते भाडेकरार करायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या उतरवायला सुरुवात केली तर आधी तेलाच्या डागावरून, मग आवाजावरून, शेवटी सगळ्यावरून वाद होणार. ग्राहकाच्या जागेत जा किंवा सरळ गाळा घ्या.

गाडी देताना ग्राहकाला सांगायचं: पहिले चारेकशे-पाचशे किलोमीटर अर्धा क्लच टाळा, जड माल भरून घाट चढू नका, चढावर हँडब्रेक वापरा. नवं अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो. या दिवसांत केबलची चालही थोडी बदलू शकते, म्हणून दहाव्या दिवसाची आठवण फोनमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी तुम्हीच फोन करा. पाच मिनिटांचं ॲडजस्टमेंट आहे, पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा व्हॅनवाला सहसा शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या व्हॅनकडे बोट दाखवून विचारतो, "हिचा पण बघून घ्याल का?"